माळवदावर टाकी नको

हदगावचा आमचा वाडा दुरुस्तीला काढला आणि घरात पहिलं भांडण लागलं ते अंघोळीच्या पाण्यावरून. पुण्याचा मुलगा म्हणे सोलर. आत्याबाईंना त्यांचा तांब्याचा बंबच हवा. पऱ्हाट्या-तुराट्या शेतातून फुकट येतात, मग विजेला पैसे कशाला? मला सकाळी शाळा गाठायची, म्हणून गिझर.

निकाल लावला मिस्त्रीनं. माळवदावर चढून त्यानं एका कोपऱ्यात कुदळ घातली. "बाई, हातभर माती हाय. हितं टाकी चढवू नका." दरसाल मिरगाच्या आधी, गळू नये म्हणून आम्ही वर पांढरी माती टाकत आलो, जुनी काढायचं कुणाला सुचलं नाही. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं दबली ती अशाच घरांत. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं हे ओझं. आम्ही वरचे थर उतरवले, पण माळवद ठेवलं. परभणीकडं पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हाही आमच्या माजघरात गोधडीवर भागतं. दिवसभर तापलेली माती रात्री हळूहळू ऊब सोडते. खोली तापवायचं यंत्र आम्हाला लागलंच नाही ते त्यामुळं.

सोलरचं गणित ओझ्याचंच आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून मोटार लागत नाही. पण त्यासाठी गार पाण्याची टाकी सोलरच्याही वर हवी. पाचशे लिटरची धरली तर भरल्यावर अर्धा टन! मग परसातलं न्हाणीघर पाडून नवं बांधलं, त्यावर स्लॅब घातला आणि दोन्ही टाक्या तिथं गेल्या. सोलरचं तोंड दक्षिणेला. त्या बाजूचा लिंब मात्र छाटावा लागला. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, आपल्याकडं डिसेंबरात भर दुपारीही जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळं उन्हाळ्यात न पडणारी सावली नेमकी थंडीत पडते.

आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरी खपली धरणारं. तांब्याच्या बारीक नळ्या त्यानं चोंदतात, म्हणून काचेच्या रुंद नळ्यांचं सोलर घेतलं. साफ करायला सोपं.

आषाढ-श्रावणात ऊन कुठून आणायचं? सोलरच्याच टाकीत विजेची कॉइल टाकतात. पण शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ तीन युनिट जातात, आणि आमची माणसं तीन. त्यापेक्षा १५ लिटरचा छोटा गिझर लावला. एका बादलीला अर्ध्या युनिटात काम होतं. त्याला जुनी, लाकडी पट्टीतली वायरिंग चालत नाही. जाड वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग, इथं मी एक रुपया वाचवू दिला नाही. गॅसचा गिझर कुणी सुचवला की मी नावच काढू देत नाही. बंद न्हाणीत त्याच्या ज्वाळेनं हवा विषारी होते, वास येत नाही, माणूस आतच पडतो.

बंब मोडीत निघाला नाही. कल्हई करून अंगणात ठेवलाय. सोलरच्या पहिल्या बादलीत आत्याबाईंनी बोटं बुडवली, वास घेतला. "पाणी कढत हाय बाई, पर धुराचा वास न्हाई. न्हाल्यागत वाटंना."

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला बंब त्यांनीच पेटवला.