फरक नवाने भागून बघा

गटाची बैठक संपत आलेली असते, आणि वहीतली बेरीज व पेटीतली रोकड जुळत नाही. २७ रुपये कमी भरतात. रक्कम चहापाण्याएवढी, पण सगळ्यांच्या नजरा वही लिहिणाऱ्या ताईकडे वळतात. एवढ्याशा रकमेवरून वर्षभर अबोला धरलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हा कुणाकडे बघायच्या आधी त्या फरकाला ९ ने भागून बघा.

२७ ला नवाने पूर्ण भाग जातो. मग पहिला संशय अंकांवर घ्यायचा. कुणीतरी ३६ रुपये दिले आणि वहीत ६३ लागले, असं झालं असेल. पाठ फिरवून बसलेले ३ आणि ६ समोरासमोर आले, एवढंच!

असं का होतं? नऊ जणींचा गट धरा. १० रुपये सारखे वाटले तर प्रत्येकीला १ मिळतो आणि १ उरतो. १०० वाटले तर प्रत्येकीला ११, आणि उरतो पुन्हा १. हजाराचंही तसंच, १११ प्रत्येकीला आणि १ मागे. म्हणजे प्रत्येक दहामागे, शंभरामागे, हजारामागे एकेक रुपया उरतो. आता ३६ मध्ये तीन दहा, त्यांचे उरले ३, सुटे ६, मिळून ९. ६३ मध्ये सहा दहांचे उरले ६, सुटे ३, तेही ९च. अंकांनी जागा बदलल्या तरी उरलेली रक्कम तीच राहते. म्हणून दोन संख्यांमधला फरक नऊ जणींत पुरता वाटला जातो. ४५० चे ५४० झाले तरी फरक ९०, त्यालाही भाग जातो.

भागाकाराचं उत्तरही कामाचं आहे. २७ ला भागून ३ आले, म्हणजे उलटलेल्या अंकांत ३ चं अंतर. वहीत रक्कम जास्त दिसते आहे, तर ४१, ५२, ६३, ७४ अशा नोंदी आधी तपासायच्या. सगळी वही चाळायला नको.

आपल्या मराठीत ही चूक सहज होते. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी बोलतो, लिहिताना सहा आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असंही वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! कुणी काहीही म्हणो, घाईत आकडा ऐकून लिहिणारीची अडचण खरी आहे.

शून्य गळलं तरी नऊच सापडतो. २०० ऐवजी २० लिहिले, फरक १८०. नवाने भागा, २० येतात. तीच चुकलेली नोंद.

भाग गेला नाही, समजा फरक ५० आहे, तर ५० ची एखादी नोंद राहिली का बघा. नाहीतर २५ रुपये जमेऐवजी खर्चाला पडले असतील. उलट, ९० चा हप्ता लिहायचाच राहिला तरी नवाने भाग जातो, तेव्हा नऊ फक्त कुठे शोधायचं ते सुचवतो.

एक जागा मात्र त्यालाही दिसत नाही. एकीचे ३६ चे ६३ झाले आणि दुसरीचे ५२ चे २५, तर २७ वाढले आणि २७ घटले. बेरीज बरोबर, पण दोघींची खाती चुकीची. म्हणून पेटी जुळली तरी आपापलं पासबुक वहीशी ताडूनच उठायचं.