माळेतला मारेकरी

गाईला दगडी झाली की कास सुजते, तापते, धारेत गुठळ्या येतात. असलं दूध चवीला खारट आणि तापवलं की फाटणारं. लखनौच्या अमीनाबादेत कुल्फीसाठी दूध आटवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तिकडे याच रोगाला थनैला म्हणतात. लक्षणं पूर्वीपासून जगभर ठाऊक होती. कारण मात्र कुणाच्या हाती नव्हतं. थंडी बाधली, मार लागला, दूध तुंबलं, असं म्हणून पशुवैद्यही मोकळे होत.

एदमों नोकार हे पॅरिसजवळच्या आल्फोर पशुवैद्यक विद्यालयातले प्राध्यापक. १८८३मध्ये कॉलऱ्याचा माग काढायला पाश्चरांनी इजिप्तला धाडलेल्या तुकडीत ते होते. तिथं कॉलऱ्यानंच त्यांचा तरुण सोबती लुई तुइलिए गेला. तो घाव घेऊन परतलेला माणूस पुढच्याच वर्षी गाईचं नासकं दूध सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या दुधात गोल जिवाणूंच्या लांबच लांब माळा दिसल्या. पण नासलेल्या दुधात जिवाणू सापडणारच. रोग त्यांनीच केला कशावरून? नोकार आणि पशुवैद्य मोलरो यांनी ते जिवाणू वेगळे काढून वाढवले आणि निरोगी जनावराच्या सडातून आत सोडले. कास सुजली, दूध नासलं आणि त्या दुधात पुन्हा त्याच माळा! १८८७मध्ये दोघांनी हे सविस्तर छापलं.

मग एका गाईचा रोग शेजारणीला जातो कसा? धार काढणाऱ्याच्या हातावरून. आजारी सडावरून उठलेला ओला हात तसाच पुढच्या कासेला लागत होता.

या जिवाणूला पुढे स्ट्रेप्टोकॉकस अॅगॅलॅक्टिए हे नाव मिळालं. १९३३मध्ये जिवाणूतज्ज्ञ रिबेका लान्सफिल्ड यांनी स्ट्रेप्टोकॉकसांचे गट पाडताना त्याला ‘ब’ गटात बसवलं. हाच गट माणसाच्या नवजात बाळांच्याही जिवावर उठतो, हे नंतर उमगलं.

दगडीचा गुन्हेगार एकटा नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणूही हातांवरून फिरतो. ई. कोलाय मात्र शेणातून येतो, तिथं नुसते हात धुऊन भागत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर तरी उघडं राहतं आणि तेवढ्यात गाय शेणात बसली की त्याला वाट मोकळी. म्हणून जाणता गोठेवाला धार संपताच सड जंतुनाशकात बुडवतो आणि गाय उभी राहावी म्हणून तिच्यापुढे वैरण टाकतो.