दिवाबत्तीचा कर आणि ग्रामसभेची वही

कर हा शब्द उच्चारला की खेड्यातील माणूस दोन पावले मागे सरकतो आणि घटनादुरुस्ती हा शब्द उच्चारला की तो सभेतून उठूनच जातो. पहिला विषय खिशाचा, दुसरा दिल्लीचा, अशी त्याची समजूत. वास्तविक हे दोन्ही विषय जेथे एकत्र येतात ती जागा आमच्या दापोऱ्यात काय किंवा तापीकाठच्या कोणत्याही गावात काय, घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ती जागा म्हणजे ग्रामसभा.

आपल्याकडे घटना बदलताना नागरिकाला थेट कौल विचारण्याची पद्धत नाही. 368 व्या अनुच्छेदानुसार संसद विशेष बहुमताने दुरुस्ती करते. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. 2016 च्या 101 व्या दुरुस्तीने वस्तू व सेवा कराचा मार्ग मोकळा झाला आणि 1 जुलै 2017 पासून तो लागू झाला. खताच्या पोत्यावर तो दिसू लागला तेव्हाच शेतकऱ्याला त्याची वार्ता कळली. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला आणि 34,021 मतांच्या फरकाने लोकांनी वेगळे राहणे पसंत केले; परंतु असे प्रसंग विरळाच. आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांपुरते बोलायचे तर 1953 च्या डिसेंबरात नेमलेल्या राज्यपुनर्रचना आयोगाकडे देशभरातून दीड लाखाहून अधिक निवेदने गेली. पुढे 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. मत मांडता आले, मत देता आले नाही. असो.

यास ठळक अपवाद 73 व्या दुरुस्तीने घडविला. 24 एप्रिल 1993 पासून ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेतच स्थान मिळाले. पंचायतीला कर बसविण्याचा अधिकार राज्याने द्यावा, हेही त्याच दुरुस्तीत आले. राज्यांना स्वतःची वेगळी घटना नसल्यामुळे राज्याचा पंचायत कायदा हीच गावाची घटना, असे म्हणण्यास हरकत नाही. मध्य प्रदेशाने हा कायदा 1993 साली केला, 1994 मध्ये त्यानुसार निवडणुका घेतल्या आणि 26 जानेवारी 2001 पासून ग्रामस्वराज्याची जोड देऊन ग्रामसभेचे अधिकार वाढविले. घरांवरील संपत्तिकर, व्यवसायकर, आठवडे बाजाराचे शुल्क आणि दिव्यांचा कर हे सारे त्या कायद्यात आहे. त्यातील दिव्यांच्या कराला एक अट आहे: पंचायतीने दिव्यांची सोय केली असेल तरच तो घ्यावयाचा.

ही अट आम्हांला एका वृद्ध बाईंनी शिकविली असे म्हटले तरी चालेल. शिक्षक म्हणून आम्ही अनेक गावांच्या ग्रामसभांना उपस्थित राहिलो आहोत. गावाचे नाव येथे घेत नाही. सूचनेत 'प्रकाश कर' असे शब्द होते. बाईंनी शेजारणीला विचारले, "हे काय असते?" उत्तर मिळाले, "दिवाबत्तीचा पैसा." त्यासरशी त्या पदर सावरून उभ्या राहिल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, आमच्या गल्लीतला दिवा पोळ्यापासून बंद आहे, मग पैसा कशाचा? सभेत हशा पिकला. कोणी म्हणाले, आजी, बसा. आजी बसल्या. नंतर ठरावबहीत नोंद झाली ती एकाच ओळीची: चर्चेनंतर सर्वसंमतीने मंजूर. ज्या कायद्याचा आधार तिथे कोणालाही आठवला नाही, नेमका तोच मुद्दा त्या निरक्षर बाईंनी मांडला होता. आणि वहीत मात्र त्याचा मागमूस नव्हता!

येथे भाषेचा प्रश्न आहेच. कामकाज हिंदीत चालते, यात गैर काही नाही. राज्याची ती भाषा आहे आणि आमची मुले ती उत्तम बोलतात. परंतु पन्नाशीपुढच्या बायकांचा राग, शंका आणि हिशेब मराठीतच असतो. त्यांचे म्हणणे हिंदीत सांगून नोंदवून घेणे हे घरातील शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे. ती मुले त्या दिवशी बहुधा बऱ्हाणपुरात असतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक गावांत कोणताही कर आला की हात वर होतात ते केवळ विरोधासाठी. पाणी हवे, नळजल योजनेचे मासिक शुल्क नको! सरकारी अनुदान येते ते बहुतेक कोणत्या कामावर खर्च करायचे हे ठरूनच येते. गावाने स्वतः गोळा केलेला पैसाच गावाच्या मर्जीने खर्चता येतो. म्हणून कर नाकारणारा माणूस आपल्याच बोलण्याचे वजन घटवीत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही परंपरा आपणांस परकी नाही. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान पन्नास प्रौढांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतसाऱ्याची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली आणि 1875 साली हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. कर आणि राज्यघटना हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांपासून वेगळे मानले नाहीत.

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस नावाच्या लहानशा प्रांतात तर दर वर्षी मे महिन्यात नागरिक उघड्या मैदानात जमतात आणि कराचा दर तसेच प्रांताच्या घटनेतील बदल हात उंचावून ठरवितात. विषयांची छापील पुस्तिका सभेआधीच घरोघर पोहोचलेली असते, आणि कोणालाही उभे राहून दुरुस्ती सुचविता येते.

आमच्याकडे पुस्तिका नसली तरी विषयांची सूचना पंचायतीच्या फलकावर लागते. 2 ऑक्टोबरच्या सभेपूर्वी ती घरातील वडीलधाऱ्यांना मराठीत वाचून दाखवावी. सभेत कोणाचे म्हणणे वेगळे पडले तर ते त्याच शब्दांत लिहून घेण्यास सांगावे, आणि खाली सही किंवा अंगठा करण्यापूर्वी लिहिलेले मोठ्याने वाचावयास लावावे.