विदर्भ नागपूरकडे, गोवा मुंबईकडे

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. मुख्यालय दिल्लीत, लोदी रोडवरचं ‘मौसम भवन’. त्याखाली सहा प्रादेशिक केंद्रं: मुंबई, नागपूर, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, गुवाहाटी. या नकाशात महाराष्ट्र एकसंध नाही. विदर्भ जातो नागपूरकडे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सोबतीनं. बाकीचा महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात मुंबईच्या कुलाब्याकडे. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाच्या झळांचा इशारा मुंबईहून का येत नाही, असं विचारण्यात अर्थ नाही.

पुणेकर हवामान विभागाच्या शिवाजीनगरमधल्या कार्यालयाला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८मध्ये मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं होतं, पुढे ते दिल्लीला गेलं.

या साऱ्या उतरंडीच्या तळाशी असतो वेधशाळेच्या आवारातला पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतून आधीच्या २४ तासांचा आकडा नोंदवतात. एका शहराला एक मापक पुरत नाही, हे मुंबईइतकं कुणाला ठाऊक? २६ जुलै २००५च्या प्रलयात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला जेमतेम ७३.