कुत्र्याचा खाऊ घरच्या तव्यावर



आपल्या भागात क्वचितच एखादे शेतकऱ्याचे घर असे असेल की ज्याच्या दारात कुत्रे नाही. औराद-भालकीकडे जा, नाही तर आळंदच्या बाजूला जा, तुरीच्या रानात रात्री डुकरे शिरली की पहिला आवाज त्याचाच येतो. खळ्यावर, गोठ्यात, मेंढ्यांच्या वाड्याशी राखण तोच करतो. त्याच्या वाट्याला मात्र उरलेसुरले येते. आज आम्ही त्याच्याच खाण्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. विषय लहान वाटेल, पण त्याचा संबंध आपल्या लेकरांच्या आरोग्याशी आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

मागे एकदा घरभेटींना गेलो असता एका अंगणात बकरे कापण्याचे काम चालले होते. घरातल्या मुलाने बकऱ्याचा कच्चा फोपसा उचलून मोत्यापुढे टाकला. त्या फोपशावर पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी स्पष्ट दिसत होत्या. मोत्याने तो गट्ट केला. थोड्या वेळाने त्याच घरची लहान मुलगी मोत्याच्या गळ्यात हात घालून बसलेली आम्ही पाहिली. कोणाची चूक काढावी म्हणून हे सांगत नाही. आमच्या लहानपणी आमच्याही घरी असेच चालत असे. पण त्या गाठी काय असतात, हे आज ठाऊक असताना गप्प बसणे बरे नव्हे.

बिस्किट म्हणजे कडक भाकरीच

अलीकडे तालुक्याच्या गावी कुत्र्यांच्या बिस्किटांचे पुडे मिळू लागले आहेत. मुले हट्ट धरतात आणि आईबापांना किंमत परवडत नाही. अशा घरांनी वाईट वाटून घेऊ नये. या बिस्किटाची जन्मकथाच मुळी साध्या भाकरीची आहे. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन व्यापारी 1860 च्या सुमारास इंग्लंडला गेला होता. बंदरात खलाशांनी टाकून दिलेली जहाजावरची कडक बिस्किटे कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली, असे सांगतात. पीठ आणि पाणी मळून, भाजून, पूर्ण वाळवलेली ती बिस्किटे असत. स्प्रॅटने त्यात मांस व भाजी घालून कुत्र्यांसाठी खास वड्या विकायला काढल्या, आणि त्यातून पुढे जगभर मोठा धंदा उभा राहिला.

आता आपल्या घरातली कडक भाकरी आठवा. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर वाळवून ठेवली की ती कित्येक आठवडे टिकते. जे जहाजावर होते, तेच आपल्या शिंक्यात आहे. फक्त त्यात थोडी भर घालावी लागते.

कुत्र्याला धान्य पचते का, अशी शंका काहीजण घेतात. त्याचे उत्तर असे की, लांडग्याला पिठूळ अन्न नीट पचत नाही, पण कुत्र्याला पचते. माणसाच्या संगतीत हजारो वर्षे राहून त्याच्या शरीरात तसा बदल झाला आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2013 साली कुत्र्याच्या व लांडग्याच्या गुणसूत्रांची तुलना करून हे दाखवून दिले. मात्र नुसती भाकरी पुरत नाही. अंडे, डाळ, मांस असे अंग धरणारे काहीतरी त्याला हवेच. दूध-भाकरीही सर्वच कुत्र्यांना मानवत नाही. मोठ्या कुत्र्याला दुधाने हगवण लागत असेल तर दूध बंद करावे.

करण्याची रीत

ओव्हनची गरज नाही. चूल, तवा व परात एवढे साहित्य पुरे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून भाकरीला करतो तशी उकड घ्यावी आणि बांधणीसाठी अंडे घालावे.

पहिला प्रकार, डाळ-भोपळ्याचा. ज्वारीचे ताजे पीठ 2 वाट्या, मीठ-मसाल्याशिवाय शिजवून घोटलेली तूरडाळ अर्धी वाटी, उकडून कुस्करलेला लाल भोपळा अर्धी वाटी, अंडे 1 आणि करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल 1 चमचा. पिठावर थोडे कढत पाणी ओतून झाकून ठेवावे. पीठ कोमट झाल्यावर डाळ, भोपळा, अंडे व तेल घालून घट्ट मळावे. डाळ-भोपळ्यात ओल असते, म्हणून पाणी बेतानेच घालावे. गोळा सैल झाल्यास वर थोडे कोरडे पीठ घ्यावे. मग अर्ध्या बोटाच्या जाडीची भाकरी थापावी. सुरीने तिच्या इंचभर चौकोनी वड्या कापून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दहा-बारा मिनिटे भाजाव्यात. जाळ काढून घेऊन तवा तसाच निखाऱ्यावर अर्धा-पाऊण तास ठेवावा. वडी पूर्ण निवल्यावर मोडून पाहावी. ती कट्‌कन मोडली तर झाली, वाकली तर आत ओल आहे, पुन्हा वाळवावी. अशा वड्या कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस राहतात. पावसाळ्यात मात्र तीन-चार दिवसांपुरत्याच कराव्यात.

दुसरा प्रकार, काळजाचा. शेळीचे किंवा कोंबडीचे काळीज, म्हणजे यकृत, 100 ग्रॅम घ्यावे. त्यावर किंवा आत गाठ असल्यास ते घेऊच नये. बारीक तुकडे करून, पाण्याला उकळी आल्यावर पुढे अर्धा तास शिजवावे. आत कोठेही लाल-गुलाबी राहता कामा नये. ते कुस्करून 2 वाट्या पीठ व 1 अंडे यांत मिसळावे, आणि शिजवलेल्या पाण्यानेच मळावे. पुढची कृती वरीलप्रमाणे. यात मांस असल्याने या वड्या दोन दिवसांत संपवाव्यात. फ्रीज असेल तर चार-पाच दिवस चालतील. काळजाच्या वड्या आठवड्यातून एक-दोनदाच द्याव्यात, कारण काळजात अ जीवनसत्त्व फार असते व ते अती झाल्यास हाडांना बाधते.

किती द्यावे? हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहाव्या भागापेक्षा तो अधिक नसावा. मध्यम अंगाच्या कुत्र्याला तीन-चार वड्या पुष्कळ झाल्या.

काय घालू नये

आपल्या जिभेला जे रुचते ते कुत्र्याला रुचेल, पण सोसेलच असे नाही. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कांदा व लसूण. कच्चा, शिजवलेला वा वाळवलेला, कसाही असो, त्याने कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. म्हणजे आपले मसाल्याचे कालवण भाकरीवर ओतून देणेही योग्य नाही.

द्राक्षे, मनुका व बेदाणे. विजयपूर-सोलापूरकडे द्राक्षाच्या कामाला गेलेली मंडळी येताना बेदाणे आणतात. थोड्याशा बेदाण्यानेही काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. नाताळचा केक मुले प्रेमाने कुत्र्याला भरवतात. त्यात मनुका असतात, हे मुलांना समजावून सांगावे. चॉकलेटही तसेच घातक आहे. साखरमुक्त च्युइंगम व मिठायांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. तो तर कुत्र्याला फार लवकर मारक ठरतो.

मीठ, गूळ, साखर व तिखट. यांची खाऊत काहीच गरज नाही.

शिजवलेली हाडे. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात व ते घशात किंवा आतड्यात रुततात.

बुरशीचे धान्य. याविषयी विशेष सांगावेसे वाटते. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाणे काळे पडतात. मका व भुईमुगाच्या शेंगाही ओलीने बुरसतात. असे धान्य माणसांनी खायचे नाही म्हणून कुत्र्यासाठी दळून ठेवण्याची चाल आहे. ती सोडावी. बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते व ते यकृताचा नाश करते. कुत्र्याला ते अगदी थोडेही बाधते. शिवाय हे विष चुलीवर भाजल्याने नाहीसे होत नाही. जे पीठ आपण खाणार नाही, ते त्यालाही घालू नये.

कच्च्या फोपशाचा धोका

आता त्या गाठींकडे येऊ. कुत्र्याच्या आतड्यात एक फार बारीक फीतकृमी राहतो. त्याची लांबी अवघी काही मिलिमीटर असते. कुत्र्याला त्याचा त्रास दिसत नाही. ते गुटगुटीतच राहते. पण त्या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडून गवतावर, भाजीच्या वाफ्यात, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांवर पसरतात. शेळी-मेंढी ते गवत खाते. मग अंड्यातून निघालेला जीव तिच्या यकृतात वा फोपशात जाऊन पाण्याची गाठ धरतो. ती गाठ कच्ची कुत्र्याच्या पोटात गेली की आत पुन्हा कृमी तयार होतात. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

या चक्रात माणूस चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घालणारे लेकरू, किंवा न धुतलेली कोथिंबीर-मेथी खाणारे मोठे माणूस, यांच्या पोटात ती अंडी जातात. गाठ यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. दुखू लागते तेव्हा ती मोठी झालेली असते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. या रोगास हायडॅटिड रोग म्हणतात.

तो टाळणे मात्र आपल्या हाती आहे. जनावर कापताना कुत्रे बांधून ठेवावे. फोपसा, काळीज किंवा कोणताही कच्चा अवयव त्याला टाकू नये. गाठी दिसल्या तर तो अवयव जाळावा, नाही तर कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावा. नदी-नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कुत्र्याला जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे. या कृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध लागते. जंताच्या प्रत्येक गोळीत ते असतेच असे नाही, म्हणून विचारून घ्यावे. मात्रा वजनावर ठरते. कुत्र्याची विष्ठा परसबागेतून उचलून पुरावी, भाजी धुऊन घ्यावी आणि कुत्र्याशी खेळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

वडीचा खरा उपयोग

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? राखणीचे कुत्रे काय वड्या खाण्यासाठी पाळले आहे? त्याचे उत्तर आम्हाला लसीकरणाच्या दिवशी मिळाले. पशुवैद्य गावात आले, लस होती, सुई होती, पण निम्मी कुत्री हाती लागेनात. ज्या कुत्र्याला माणसाचा हात म्हणजे काठी एवढेच माहीत, ते हाताजवळ येईल कसे?

म्हणून लस देण्याच्या पंधरा दिवस आधीपासून रोज एक वडी हातावर ठेवून द्यावी. नाव घेऊन हाक मारावी, आले की वडी द्यावी, मानेवर हात फिरवावा. पुढे गळ्यात दोरी घालून वडी द्यावी. हे काम घरातल्या मोठ्या माणसाने करावे, लहान मुलांनी नव्हे. त्या दिवशी कुत्रे आपणहून येऊन उभे राहील. जंताची गोळीही काळजाच्या मऊ गोळ्यात घालून सहज देता येते.

पिसाळीचा रोग एकदा अंगात प्रकट झाला की माणूस जवळजवळ वाचतच नाही. लुई पाश्चर यांनी 1885 साली जोसेफ मायस्टर या मुलाला कुत्रे चावल्यावर प्रथम लस टोचली व तो मुलगा वाचला. पाश्चर यांचे निधन 28 सप्टेंबर 1895 रोजी झाले. तीच तारीख आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळली जाते. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस द्यावी, पुढची पशुवैद्य सांगतील तेव्हा, आणि नंतर दरवर्षी. शंका असल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. पशुवैद्यकीय विद्यापीठ तर आपल्या बिदरलाच आहे.

तरीही कुत्रे चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. त्वचेत देण्याच्या लशीच्या तारखा 0, 3, 7 व 28 अशा असतात. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत देण्याचे सीरमही लागते, ते डॉक्टरांना विचारावे. बरे वाटते म्हणून शेवटची सुई चुकवू नये.

मायबहिणींनो, भाकरी थापून झाल्यावर तव्याची धग तशीही वाया जाते. तिच्यावर चार वड्या वाळत घातल्या तर वेगळे सरपण लागणार नाही. आणि पुढच्या वेळी दारात बकरे कापले जाईल तेव्हा मोत्याला आधी बांधा. त्याचा वाटा त्याला द्या, पण शिजवून द्या.