कर्करोग आणि आहार : बीटा-कॅरोटीनच्या चाचण्यांचा विचार

आहाराचा कर्करोगाशी संबंध आहे काय, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. दमट जागी साठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून उत्पन्न होणारे ॲफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगास कारण होते. मद्यपानाने मुख, अन्ननलिका, यकृत आणि स्तन यांच्या कर्करोगाचा संभव वाढतो. एवढे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. वाद आहे तो निराळ्याच प्रश्नाविषयी. अन्नातील उपकारक अंश वेगळा काढून तो गोळीच्या रूपाने दिला, तर अन्नाचा गुण गोळीत उतरतो काय? या प्रश्नाचा जितका कसोशीने शोध बीटा-कॅरोटीनच्या बाबतीत घेतला गेला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या पोषकद्रव्याच्या बाबतीत घेतला गेला असेल. यास्तव त्याच उदाहरणाचा येथे काहीसा विस्ताराने परामर्श घ्यावयाचा आहे.

गाजर, भोपळा, आंबा, पालेभाज्या यांतील हे द्रव्य शरीरात अ-जीवनसत्त्वात रूपांतरित होते. ज्यांच्या आहारात भाज्या व फळे विपुल असतात आणि ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनचे प्रमाण अधिक असते, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक देशांतील निरीक्षणांतून दिसून आले होते. 1981 साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या सर्व पुराव्याचा परामर्श घेतला. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रत्यक्ष चाचणी झाल्यावाचून उत्तर मिळणार नाही, अशीच त्यांची भूमिका होती. औषधी गोळ्यांच्या बाजारपेठेने मात्र प्रश्नचिन्हाकडे फारसे लक्ष दिले नाही.

चाचणी झाली ती फिनलंडमध्ये. 50 ते 69 वर्षे वयाचे 29,133 पुरुष तीत सहभागी झाले. हे सर्व धूम्रपान करणारे होते. दिवसास सरासरी 20 सिगारेटी आणि तेही सुमारे 36 वर्षे. यादृच्छिक पद्धतीने त्यांचे चार गट पाडण्यात आले. एका गटास 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, दुसऱ्यास 50 मिलिग्रॅम ई-जीवनसत्त्व, तिसऱ्यास दोन्ही आणि चौथ्यास दिसण्यात तशीच पण औषधहीन गोळी, असे रोज पाच ते आठ वर्षे देण्यात आले. 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 474 रुग्ण आढळले; न घेणाऱ्यांत 402. म्हणजे रोग घटण्याऐवजी त्याचे प्रमाण 18 टक्क्यांनी वाढले होते! ई-जीवनसत्त्वाने फुप्फुसाच्या कर्करोगावर काहीच परिणाम झाला नाही.

हा केवळ योगायोग असावा, असे काहींना वाटले. आणि तसे वाटणे अगदीच अवाजवी नव्हते. परंतु अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करीत असलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार अशा 18,314 व्यक्तींवर अशीच चाचणी चालू होती. तीत 30 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनच्या जोडीस अ-जीवनसत्त्वही दिले जात होते. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी व एकूण मृत्यू 17 टक्क्यांनी अधिक आढळल्यामुळे ती जानेवारी 1996 मध्ये, मुदतीच्या 21 महिने आधी, थांबवावी लागली. त्याच वर्षी 22,071 अमेरिकन पुरुष डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुसंख्य धूम्रपान न करणारे होते. तेथे गोळीने ना लाभ झाला, ना हानी.

विद्यार्थ्यांनी विशेष मनन करावे अशी गोष्ट पुढेच आहे. फिनलंडमधील याच पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात चाचणीच्या आरंभी बीटा-कॅरोटीन अधिक होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे जुने निरीक्षण खोटे नव्हते. तेच लोक, तोच रोग, तेच द्रव्य, आणि तरी गोळीचा परिणाम उलटा. निरीक्षण खरे होते, त्यावरून काढलेले अनुमान चुकले होते. रक्तातील बीटा-कॅरोटीन हे भाजीपाला खाण्याचे चिन्ह आहे. आणि भाजीपाला खाणाऱ्याच्या राहणीत इतरही पुष्कळ काही निराळे असते. शिवाय धूम्रपानामुळेच रक्तातील हे प्रमाण घटते. साहजिकच ज्याच्या रक्तात ते अधिक, तो बहुधा कमी धूर ओढणारा, असाही संबंध येथे गुंतलेला असतो. चिन्हास कारण मानणे ही चूक आपल्या प्रबंधांतही वारंवार दृष्टीस पडते.

हानी का झाली याचा काहीसा उलगडा फेरेट या प्राण्यावरील प्रयोगांनी 1999 साली केला. मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीन आणि सिगारेटचा धूर यांचा एकत्र संबंध आला असता त्या द्रव्याचे ऑक्सिडीभवन होते, फुप्फुसातील रेटिनॉइक अम्ल घटते आणि पेशींची विकृत वाढ दिसू लागते. गाजरातून मिळणाऱ्या अल्प मात्रेस हे लागू करण्याचे कारण नाही.

गोळीने कधीच लाभ होत नाही, असेही म्हणता येत नाही. चीनच्या हनान प्रांतातील लिनशियान येथे 29,584 व्यक्तींवर 1986 ते 1991 या काळात चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले. परंतु तेथील लोकांच्या आहारात मुळातच अनेक पोषकद्रव्यांची उणीव होती. रिकामे भांडे भरणे आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणे, या दोन क्रिया एक नव्हेत.

प्रतिबंधाकडून रुग्णाच्या शुश्रूषेकडे वळले, तर हाच प्रश्न घराघरांत उभा राहतो. आपल्याकडे कर्करोगाचे निदान झाले की आप्तेष्ट दूध बंद करवितात, साखर बंद करवितात, कोणी केवळ फळांच्या रसावर राहावयास सांगतो. ‘साखर गाठीला पोसते’ हे वाक्य ऐकावयास तर्कशुद्ध वाटते. परंतु पथ्याने रुग्णाचे वजन घटते आणि उपचार सोसण्याची शक्ती ओसरते. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने घालून दिलेल्या मानकानुसार रुग्णास दर किलो वजनामागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी आणि 1 ग्रॅमहून अधिक, शक्य तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. म्हणजे 50 किलो वजनाच्या स्त्रीस 1,250 ते 1,500 किलोकॅलरी आणि 75 ग्रॅमपर्यंत प्रथिने. रसाच्या पेल्यांनी ही बेरीज जुळत नाही.

पूरक उपचारांविषयी येल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. रूढ उपचारांच्या जोडीस पूरक उपचार घेणारे 258 रुग्ण आणि तसे न घेणारे 1,032 रुग्ण यांची त्यांनी तुलना केली. पूरक उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होता. पण याच गटातील 34.1 टक्के रुग्णांनी रासायनिक उपचार आणि 53 टक्क्यांनी किरणोपचार नाकारले होते. दुसऱ्या गटात हीच प्रमाणे 3.2 आणि 2.3 टक्के होती. हा नकार हिशेबात घेतल्यावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. काढ्याने मारले नव्हते. काढ्यामुळे जे सोडले गेले, त्याने मारले, असा याचा अर्थ लावणे सयुक्तिक दिसते. अर्थात हाही निरीक्षणात्मकच अभ्यास होय, आणि वर दिलेला इशारा त्यासही लागू आहे.

हळद, आवळा, सुंठ यांवर आपल्या प्रदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी प्रश्न लहान घ्यावा. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातील पेशींवर कितीही प्रभावी दिसले, तरी आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे काचपात्रातील मात्रा रक्तात पोहोचतच नाही. याउलट अमेरिकेतील 576 रुग्णांवरील आल्याच्या चाचणीने, 2012 साली, गाठ विरते काय असे विचारलेच नाही. रासायनिक उपचारांनंतर पहिल्या दिवशी होणारी मळमळ कमी होते काय, एवढेच तिने विचारले. मळमळीचे मापन रुग्णांनी स्वतःच केले, आणि दिवसास अर्धा ते एक ग्रॅम आले घेणाऱ्यांस सर्वाधिक उतार पडल्याचे आढळले.