कोळशाची रोझलिंड

रोझलिंड फ्रँकलिनचं नाव काढलं की बोलणं थेट डीएनएवर येतं. १९५२ सालचा तो क्ष-किरणांचा फोटो, वॉटसन आणि क्रिक, १९६२चं नोबेल आणि तोवर तिचं जगातून निघून गेलेलं असणं. नाटकांत, चरित्रांत, व्याख्यानांत तिची गोष्ट बहुतेक वेळा एवढ्यातच फिरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजात ती होती जेमतेम सव्वादोन वर्षं. त्याआधीची आठ वर्षं तिनं कोळशाला दिली होती. डीएनएचा एक शब्दही तिच्या नावावर नसता, तरी या आठ वर्षांच्या बळावर ती रसायनशास्त्राच्या इतिहासात मानानं बसली असती, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. हा लेख त्या आठ वर्षांचा आहे.

जन्म १९२०चा, लंडनचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिक्षण. पुढे ज्यांना नोबेल मिळालं त्या नॉरिश यांच्या हाताखाली वर्षभर संशोधन केलं. पण दोघांचं जमलं नाही. बाहेर युद्ध पेटलेलं. शिकलेल्या तरुण मुलींनाही युद्धाच्या कामाला लागायचं होतं. ऑगस्ट १९४२मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती ब्रिटिश कोल युटिलायझेशन रिसर्च असोसिएशनमध्ये रुजू झाली. कोळशाचा वापर सुधारण्यासाठी चार वर्षांपूर्वीच उभी राहिलेली ही संस्था टेम्सकाठच्या किंग्स्टन गावाजवळ होती. रोझलिंड पटनीला राहायची, सायकलनं कामावर जायची आणि हवाई हल्ल्यांच्या वेळी वॉर्डन म्हणून गस्तही घालायची.

त्या वेळचं ब्रिटन सगळं कोळशावर चालत होतं. आगगाड्या, कारखाने, चुलीचा गॅस, दिवाणखान्यातली शेकोटी, सगळं त्याच्यावरच. तरीही त्या काळ्या दगडाच्या आत नेमकं काय आहे, हे धडपणे कुणी सांगू शकत नव्हतं. एक कोळसा वायू सहज शोषतो, दुसरा शोषत नाही, असं का? युद्धात या प्रश्नाला आणखी धार आली होती, कारण विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यातही कोळसाच भरलेला असायचा.

तिनं हा प्रश्न कसा सोडवला ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. कोळशाची पूड वजन करून काचेच्या फुग्यात घालायची. आतली हवा पूर्ण काढून घ्यायची. मग मोजून हेलियम सोडायचा. हेलियमचा अणू इतका लहान की जिथे फट असेल तिथे तो शिरतो. दाब किती उरला यावरून त्यानं किती जागा व्यापली ते कळतं, आणि त्यातून खऱ्या घन कोळशाची घनता निघते. आता हेच पाणी, मिथेनॉल, हेक्झेन, बेंझिन असे मोठ्या रेणूंचे द्रव घेऊन पुन्हा करायचं. आकडे जुळत नाहीत. मोठे रेणू काही पोकळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. या न जुळणाऱ्या आकड्यांतूनच तिनं आतला नकाशा काढला. कोळशात पोकळ्या आहेत, पण त्यांची तोंडं फार चिंचोळी आहेत. खोली ऐसपैस आणि दार सुईच्या नेढ्याएवढं. हवा लागू न देता कोळसा तापवत नेला की ही दारं आणखी आवळत जातात आणि आधी आत जाऊ शकणारा रेणूही बाहेर अडकतो. म्हणजे कोळसा रेणूंची चाळणी आहे, आणि त्या चाळणीची भोकं तापमानानं लहान करता येतात. याच कामावर १९४५मध्ये केंब्रिजनं तिला डॉक्टरेट दिली.

युद्ध संपलं. १९४७च्या सुरुवातीला ती पॅरिसला गेली, फ्रेंच सरकारच्या एका रासायनिक प्रयोगशाळेत, झाक मेरिंग यांच्याकडे. तिथली चार वर्षं तिच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात सुखाची. तिथेच ती क्ष-किरणांनी पदार्थाची रचना वाचायला शिकली. आखीवरेखीव स्फटिकावर क्ष-किरण टाकले तर फिल्मवर स्वच्छ ठिपके किंवा रेघा उमटतात. कोळसा स्फटिक नाही, त्याचं चित्र पुसट, धुरकट वलयांचं येतं. असा धूर पाहून अनेक जण फिल्म बाजूला ठेवतील. रोझलिंडनं त्या धुराचंच गणित मांडलं. हजार अंशांवर तापवलेल्या एका कार्बनच्या नमुन्यात सुमारे ६५ टक्के कार्बन चिमुकल्या सपाट थरांत रचलेला आहे आणि उरलेला विस्कळीत आहे, इथपर्यंत तिनं पुसट वलयांवरून सांगितलं. हे १९५०चं.

पुढच्या वर्षीचा तिचा शोधनिबंध तर या विषयातला मैलाचा दगड. कुठलाही सेंद्रिय पदार्थ हवेशिवाय तापवला की शेवटी कार्बन उरतो. तो आणखी तापवला, तीन हजार अंशांपर्यंत, तर त्याचं ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलच्या शिशात असतं ते मऊ, थराथरांचं द्रव्य होणार, अशी साधारण समजूत होती. तिनं नमुने तापवून दाखवलं की कार्बनच्या दोन जाती आहेत. एक जात ग्रॅफाइट होते. दुसरी कितीही तापवा, होत नाही.

भाकऱ्यांच्या लहान लहान चवडी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या जातीत या चवडी जवळजवळ समांतर पडलेल्या असतात, एकमेकींना सैल जोडलेल्या. उष्णता मिळाली की त्या सरकतात, जुळतात आणि एकच मोठी चवड होते. दुसऱ्या जातीत चवडी कशाही, आडव्यातिडव्या, आणि कमी तापमानालाच एकमेकींना घट्ट टाके घातल्यासारख्या बांधल्या गेलेल्या. त्यांना हलायला जागाच नाही. ग्रॅफाइटमध्ये दोन थरांतलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम असतं. या आडमुठ्या कार्बनमध्ये ते ३.४४च्या आसपास राहतं.

कुठला पदार्थ कुठल्या जातीत जाईल, याचा नियमही तिला सापडला. हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ तापताना मऊ होतात आणि त्यांचा कार्बन ग्रॅफाइटकडे जातो. हायड्रोजन कमी किंवा ऑक्सिजन जास्त असेल तर टाके लवकर पडतात. पाण्याच्या पाइपचं पीव्हीसी पहिल्या जातीतलं. त्याचंच सख्खं भावंड, फक्त एक क्लोरीन जास्त असलेलं पीव्हीडीसी, दुसऱ्या जातीतलं. आणि साखर. पाक करपला की भांड्याच्या तळाशी जो काळा, टणक, चमकदार थर धरतो, तो दुसऱ्या जातीकडे निघालेला कार्बन. त्याचं ग्रॅफाइट तीन हजार अंशांवरही होत नाही.

याचा आपल्या खाणींशीही संबंध आहे. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक सगळ्याच दगडी कोळशाचा होत नाही. तापताना जो मऊ पडून फुगतो आणि मग घट्ट होतो, त्याचाच होतो. झारखंडच्या झरियाचा कोळसा त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या चंद्रपूर, वणी, उमरेडचा तसा मऊ पडत नाही, म्हणून तो मुख्यतः वीज केंद्रांच्या बॉयलरमध्ये जातो. मऊ पडणं की न पडणं, या कामगारांना आणि भट्टीवाल्यांना ठाऊक असलेल्या फरकामागची रचना रोझलिंडच्या निबंधात दिसते.

जानेवारी १९५१मध्ये ती किंग्ज कॉलेजात आली. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती इथे उगाळत नाही. एवढंच म्हणतो, की डीएनएचे धागे किती ओले आणि किती कोरडे ठेवायचे हे तिनं काटेकोरपणे सांभाळलं, म्हणून त्याची दोन रूपं वेगळी ओळखता आली. पदार्थात पाणी कुठे शिरतं, कुठे नाही, हे मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. हा हात कोळशानंच तयार केला होता. १९५३च्या मार्चमध्ये ती बर्कबेक कॉलेजात गेली आणि विषाणूंच्या रचनेत रमली, पण कोळसा सुटला नाही. १९५७मध्ये ‘नेचर’मध्ये कार्बनच्या ऑक्सिडीकरणावर तिचा एक निबंध आला, विल्यम वॅट यांच्यासोबतचा. याच वॅट यांनी पुढच्या दशकात फार्नबरोमध्ये कणखर कार्बन धागा तयार करण्यात मोठा वाटा उचलला. तो निबंध आला तेव्हा रोझलिंड कर्करोगाशी झुंजत होती. १६ एप्रिल १९५८ला ती गेली. वय ३७.

तिच्या थडग्यावर विषाणूंच्या कामाचा उल्लेख आहे. कोळशाचा नाही, डीएनएचाही नाही. बर्कबेकचे बर्नाल यांनी मात्र मृत्युलेखात तिच्या कार्बनच्या कामाची, त्या दोन जाती वेगळ्या करण्याची, मनापासून वाखाणणी केली होती. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण बर्नाल स्वतः ग्रॅफाइटची रचना मांडणारे होते. काम काय दर्जाचं आहे ते त्यांना कळत होतं.

आज बॅटरीवाले या दोन जातींना मऊ कार्बन आणि कठीण कार्बन म्हणतात. १९८५मध्ये अकिरा योशिनोंनी लिथियम-आयन बॅटरीचा नमुना बनवला, तेव्हा ऋण टोकाला पेट्रोलियम कोक वापरला होता, म्हणजे पहिल्या जातीतला कार्बन. आता लिथियमऐवजी स्वस्त सोडियमवर चालणाऱ्या बॅटरींची खटपट सुरू आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३मध्ये असं तंत्र जाहीर केलं, आणि त्यात पुण्याच्याच आयसर संस्थेचा सहभाग होता. सोडियमचा आयन ग्रॅफाइटच्या थरांत फारसा शिरत नाही. त्याला दुसरी जात लागते, आडव्यातिडव्या चवडींची, फटी असलेली. म्हणून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत साखर, लाकूड, नारळाच्या करवंट्या भट्टीत घालून कठीण कार्बन केला जातोय. भट्टी निवली की पूड बाहेर काढतात, तिच्यावर क्ष-किरण टाकतात आणि त्या पुसट वलयावरून दोन थरांतलं अंतर मोजतात.